धोक्याच्या पाटीचे उद्घाटन

निपाणीतले तंबाखूचे व्यापारी आण्णाप्पा मगदूम यांनी एके दिवशी कायदा पाळायचं ठरवलं. पुढे जे काही घडलं त्याला दुसरं कुणीही जबाबदार नाही, असा निष्कर्ष चौकशी समितीने काढला आहे. समितीचा मान राखून आम्हीही तिथूनच सुरुवात करतो.

काळ भोपाळनंतरचा. एका रात्रीत इतकी माणसं गेल्यावर सरकार खडबडून जागं झालं, आणि जागं झाल्यावर सरकार जे करतं तेच त्याने केलं, म्हणजे नियम काढले. परदेशातून धोकादायक रसायन आणणाऱ्या प्रत्येकाने माल येण्याच्या तीस दिवस आधी तशी खबर संबंधित अधिकाऱ्याला द्यावी. माल काय, किती, कोणत्या बंदरात उतरणार, कोणत्या वाहनाने येणार, सांडला-सुटला तर काय करायचं, हे सगळं कळवावं. शिवाय त्या रसायनाजवळ वावरणाऱ्या माणसांना धोक्याची योग्य ती समज द्यावी. नियम चांगले होते. आम्ही ते वाचलेले नाहीत, पण चांगले असल्याशिवाय इतके लांबलचक कशाला असतील?

त्या साली आण्णाप्पांच्या वखारीतल्या तंबाखूला किडा लागला. नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देईना. मुंबईच्या दलालाने सुचवलं की परदेशी गॅसची टाकी मागवा, थप्पीवर ताडपत्री टाका आणि आत धुरी द्या. टाकी आली. माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंच, करड्या रंगाची, अंगावर बारीक इंग्रजी अक्षरांत बरंच काही लिहिलेली. ती वखारीच्या दाराशेजारच्या खोलीत उभी करून ठेवली. त्या दाराच्या आतल्या बाजूला बायका तंबाखू निवडायला बसत, आणि सगळ्यांत पुढे यल्लव्वा बसे.

यल्लव्वाचं माहेर संकेश्वरकडचं, घरात कानडी. सासर निपाणीतलं, घरात मराठी. तिला दोन्ही भाषांत भांडता येई, आणि वखारीतल्या बायकांच्या वतीने ती दोन्ही भाषांत भांडे. पाण्याचा माठ भरलेला नसो, मजुरीला उशीर होवो, धुळीने कुणाला ठसका लागो, यल्लव्वा उठली की आण्णाप्पांना आपलं काहीतरी बाहेरगावचं काम आठवे. यावेळी मात्र ते सापडले.

"आण्णा, ह्यात काय हाय वो?" तिने टाकीकडे बोट करून विचारलं.

"औषध हाय. किड्याचं."

"किडं मरत्यात?"

"समदं मरत्यात. एक ऱ्हात न्हाय."

"आन आमी?"

आण्णाप्पा हे मनाने सरळ गृहस्थ होते. धंद्याच्या वेळी ते आपला सरळपणा चपलांबरोबर वखारीच्या बाहेर काढून ठेवत, पण हा प्रश्न त्यांना लागला. दलालाने पाठवलेल्या कागदांत नव्या नियमांची प्रत होती. ती त्यांनी मुलीच्या मास्तरांकडून वाचून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी धुतलेली टोपी घालून ते बेळगावच्या एस.टी.त बसले. स्वतःहून खबर द्यायला जाणारा हा जिल्ह्यातला पहिला आयातदार.

खबर घेण्यासाठी एका कचेरीच्या वरच्या मजल्यावर खास कक्ष उघडलेला होता. कक्ष म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि खुर्चीत हुद्दारसाहेब. साहेब दर महिन्याला बंगळूरला अहवाल पाठवत: 'जिल्ह्यात एकही धोकादायक रसायन नाही.' या सातत्याबद्दल त्यांची वरून एकदा प्रशंसाही झाली होती.

"नमस्कार साहेब. खबर द्याला आलतो," आण्णाप्पा म्हणाले.

"कसली?"

"धोकादायक रसायन आणलंय."

साहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांनी उठून आधी दार लावलं.

"मगदूमरी, असं मोठ्यानं काय बोलताय? कोण सांगितलं तुम्हाला आणा म्हणून?"

"आणा म्हणून कुणी सांगितलं न्हाय. आणलं तर सांगा, असं नियमात हाय."

"नियमात सगळंच असतंय. आजपर्यंत कोण आलंय का सांगायला? सकाळपर्यंत माझ्या जिल्ह्यात रसायन नव्हतं बघा. तुम्ही जिना चढून आलात आणि झालं!"

आण्णाप्पांना अपराध्यासारखं वाटलं. त्यांनी माफी मागितली आणि सगळे कागद तीन प्रतींत टेबलावर ठेवले. साहेबांनी ते लांबूनच पाहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की खबर माल येण्याच्या तीस दिवस आधी द्यायची असते, आणि माल तर येऊन वखारीत उभा आहे.

"आगंगिल्ल," साहेब म्हणाले. म्हणजे हे होणार नाही. "उशिरा खबर घेता येत नाही. माल परत पाठवा. जहाजात चढवा, तीस दिवस थांबा, मग आणा. मी आनंदानं घेतो खबर."

"साहेब, त्यो गॅस हाय. पेरूची पाटी न्हाय परत न्यायला."

बराच खल झाला. अखेर साहेबांनीच तोड काढली. माल अजून यायचा आहे असं कागदावर धरायचं, आणि खबर वेळेत आली असं मानायचं. त्याप्रमाणे नोंद झाली. त्या दिवसापासून टाकी सरकारदरबारी अरबी समुद्रात होती आणि वखारीत नुसतीच उभी होती. आण्णाप्पांनी विचारलं की साहेब एकदा येऊन बघून जातील का. साहेबांनी त्यांच्याकडे कीव येऊन पाहिलं. समुद्रातल्या वस्तूची पाहणी करायला निपाणीचा प्रवासभत्ता कोण मंजूर करणार?

"मग आमच्या बायकास्नी समज कशी द्याची? नियमात हाय तसं."

"पाटी लावा. पाटी लावली की समज दिली असं होतं," साहेब म्हणाले, आणि कागदाच्या तिन्ही प्रती अनुवादासाठी बंगळूरला रवाना झाल्या.

आण्णाप्पांनी शामू पेंटरला बोलावलं. शामूने पिवळ्या पत्र्यावर लाल रंगाने एक झकास कवटी काढली आणि खाली मास्तरांनी टाकीवरच्या इंग्रजीवरून उतरवून दिलेला मजकूर मराठीत लिहिला. गॅस सुटला तर काय करायचं, कुठल्या बाजूला पळायचं, तोंडाला काय लावायचं, डॉक्टरला काय सांगायचं, सगळं आलं. पाटी दारावर चढली. यल्लव्वाने जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखव असं एका शिकलेल्या पोरीला सांगितलं आणि "आता कसं!" म्हणून ती कामाला बसली.

ती पाटी दुपारच्या जेवणापर्यंत टिकली.

जेवणाच्या सुट्टीत मायाप्पा तळवार आले. हे गावातल्या कानडी बाजूचे पुढारी. गावात कुठेही नवी पाटी लागली की ती कोरडी व्हायच्या आत ते तिथे पोहोचत. त्यांनी पाटी वरपासून खालपर्यंत पाहिली. मजकूर वाचला असं म्हणता येणार नाही, कारण पहिल्याच अक्षराला त्यांचा संताप झाला होता.

"राज्य कुठलं हे? आन पाटी कुठली?" त्यांनी अस्खलित मराठीत विचारलं.

आण्णाप्पांनी घाबरून शामूला परत बोलावलं आणि मराठीच्या खाली कानडी मजकूर घालायला लावला. मायाप्पा म्हणाले, खाली का? शामूने सगळं खरवडून कानडी वर घेतली आणि मराठी खाली. संध्याकाळी कृष्णात माने आले. हे मराठी बाजूचे पुढारी. सीमाप्रश्नावर ते उपोषणाला बसत तेव्हा त्यांना लिंबूपाणी पाजायला मायाप्पाच जात, कारण दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. कृष्णातरावांच्या सौभाग्यवती हुक्केरीच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात कानडीशिवाय पान हलत नसे, पण ते घरातलं झालं.

"आमच्या बायका मरायच्या आन पाटीवर पयला मान दुसऱ्याचा?" कृष्णातराव गरजले. "मरायचं तर मराठीत मरू!"

"कोण मरतंय? मी सांगिटलंय का मरते म्हणून?" यल्लव्वा आतून ओरडली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

वर-खाली जमत नाही म्हणून दोन वेगळ्या पाट्या करायचं ठरलं, शेजारी शेजारी. तर उजवीकडे कोणती, यावर गाडं अडलं. उजवीकडची कोणाची, हे आत येणाऱ्याच्या उजवीकडून ठरवायचं की बाहेर जाणाऱ्याच्या? बायका तर दिवसातून दोन्ही करत. वखारीसमोर माणसं जमू लागली, कामाचा खोळंबा होऊ लागला. शेवटी आण्णाप्पांनी हुद्दारसाहेबांना तार केली. तारेत 'पाटी' आणि 'भाषा' हे दोन शब्द होते, त्यामुळे जे साहेब गॅससाठी येऊ शकत नव्हते ते दुपारच्या गाडीने हजर झाले. या कामाला प्रवासभत्ता होता.

साहेबांनी जागेवरच 'पाटी समन्वय समिती' नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य मायाप्पा आणि कृष्णातराव, निमंत्रित म्हणून शामू पेंटर. आण्णाप्पांकडे चहा आणि भजी. बैठका वखारीच्या ओट्यावर होत. ज्या खोलीत टाकी होती तिच्या दाराला पाठ टेकून अध्यक्ष बसत, कारण तिथे सावली होती.

भाषेचा प्रश्न अवघड आहे, तो पुढे घेऊ, आधी सोपा विषय म्हणून रंग ठरवू, असं अध्यक्षांनी सुचवलं. शामू म्हणाला, धोक्याला पिवळ्यावर लाल असतं. कृष्णातराव ताडकन उठले.

"पिवळा आन तांबडा? ही पाटी न्हवं, झेंडा हाय ह्यो! माझ्या डोळ्यांत धूळ टाकता?"

"मग केशरी करू," शामू भाबडेपणाने म्हणाला. आता मायाप्पा उठले. केशरी कुणाचा, हे काय त्यांना कळत नाही? निळा, हिरवा, जांभळा, एकेक नाव निघत गेलं आणि प्रत्येक रंगामागून कुणी ना कुणी निघत गेलं. अध्यक्षांनी इतिवृत्तात नोंदवलं की जगात पक्षपाती नसलेला एकच रंग आहे, तो पांढरा. पार्श्वभूमी पांढरी, हा ठराव संमत झाला.

मग अक्षरं. अक्षरं म्हटलं की भाषा आली, म्हणून अक्षरंच नकोत. नुसती कवटी. कवटीला भाषा नसते, हे मायाप्पांनी मान्य केलं आणि कृष्णातरावांनी अनुमोदन दिलं. शामूने नमुना काढून आणला. कवटी जराशी कलली होती. मायाप्पांनी ती मान तिरकी करून बराच वेळ न्याहाळली.

"ही कोल्हापूरकडं बघत्या," ते म्हणाले.

शामूने ती उलटी कलवली. आता ती धारवाडकडे पाहू लागली. मग त्याने समोर बघणारी काढली, तर ती नेमकी अध्यक्षांकडेच पाहू लागली आणि ते त्यांना बरं वाटेना. कवटी रद्द झाली. उरली पांढरी पाटी. तिच्यावर कुणाचाही आक्षेप नव्हता.

अशाच एका बैठकीत यल्लव्वा हातातली तंबाखू झटकत बाहेर आली.

"सायेब, वरचं खालचं ऱ्हाऊ द्या. ह्ये फुटलं तर आमी काय करायचं, तेवढं सांगा."

"बाई, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

"व्हय, पण काय करायचं?"

"कोणत्या भाषेत सांगू?" अध्यक्षांनी सावधपणे विचारलं.

"कोणच्याबी सांगा. मला दोनी येत्यात."

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. "तोच तर घोटाळा आहे. एकच येत असती तर काहीतरी मार्ग निघाला असता."

तिने आण्णाप्पांना गाठलं. ते हळू आवाजात म्हणाले, "यल्लव्वा, तोंडी सांगाय मला बंदी हाय गं. समितीचा निकाल हुईस्तवर सांगिटलं, तर कोणच्या भाषेत सांगिटलं ते लिवून द्याला लागतंय. माझं लायसन जाईल."

"आन आमचं काय जाईल?" यल्लव्वा म्हणाली. आण्णाप्पांना बाहेरगावचं काम आठवलं. आम्हाला या ठिकाणी त्यांचा राग येतो, पण त्यांच्याजागी असतो तर आम्हालाही आठवलं असतं.

समितीचं काम संपत आलं असताना कृष्णातरावांची नजर उघड्या दारातून टाकीवर गेली. टाकीच्या अंगावरचं इंग्रजी त्यांना प्रथमच दिसलं. टाकीत काय आहे, तिला कसं हाताळायचं, अपघात झाला तर काय करायचं, याची संपूर्ण माहिती निपाणीत आता फक्त तिथेच उरली होती.

"आमची भाषा चालत न्हाय, आन ही गोऱ्या सायबाची चालत्या?" ते म्हणाले.

"बराबर हाय मानेसाहेब," मायाप्पा म्हणाले. "आमचीबी न्हाय, तुमचीबी न्हाय, मग ही कशाला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकाने दुसऱ्याला 'बराबर' म्हटलं होतं. अध्यक्षांनी ती वेळ इतिवृत्तात नोंदवली. टाकी बाहेर काढून वरपासून खालपर्यंत पांढरी रंगवावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला आणि आण्णाप्पांना पेढे आणायला पाठवलं. शामू कामाचा पक्का. त्याने टाकीच्या डोक्यावरच्या गॅसच्या चावीवरचं लोखंडी टोपण काढून बाजूला ठेवलं, कारण त्याच्या फटीत कुंचला पोहोचत नव्हता, आणि चांगल्या तेलरंगाचे भरघोस हात दिले. वाळायला म्हणून टाकी दाराच्या चौकटीलगत उन्हात उभी केली.

लवकरच उद्घाटन ठरलं. दिल्लीपासून बंगळूरपर्यंत निमंत्रणं गेली. दोन्ही ठिकाणांहून शुभेच्छा आल्या. वखारीला तोरण लागलं, पांढऱ्या पाटीवर पांढरा पडदा सोडला. बायकांना कामावरून सुट्टी मिळाली नाही, पण आत बसून टाळ्या वाजवायची परवानगी मिळाली. पाहुण्यांना ओवाळायला यल्लव्वाला निवडलं. दोन्ही बाजूंना चालणारी बाई गावात तेवढी एकच होती. तिने आरतीचं ताट घेतलं आणि जाताना शेजारणीला म्हणाली, "पाटी बघून येते. काय लिवलंय ते सांगते तुमास्नी."

पडदा सरला. यल्लव्वाने पाटी पाहिली. पुढून पाहिली, वाकून खालून पाहिली, मागे काही आहे का म्हणून पत्रा जरा उचलूनही पाहिला.

"सायेब, ह्यावर काय न्हाय की वो."

"त्यालाच आठवडे लागले," हुद्दारसाहेब अभिमानाने म्हणाले.

मग नारळ. नारळ आधी कुणी फोडायचा, हा वाद साहेबांनी आधीच मिटवला होता. दोन पुढारी, दोन नारळ, एकाच क्षणी. एक-दोन-तीन म्हणायचं तर ते कोणत्या भाषेत, म्हणून साहेबांनी शिट्टी आणली होती. दगड मात्र कुणी आणला नव्हता. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. दाराशी एक पांढराशुभ्र, गोल, गळ्यात हार घातलेला छोटासा खांब उभा होता. आण्णाप्पांनी खास समारंभासाठी उभारला असावा, असं त्यांना वाटलं. आण्णाप्पा पेढ्यांच्या हिशेबात होते, त्यांचं लक्ष नव्हतं. शामूने तोंड उघडलं होतं, पण निमंत्रिताला बोलण्याचा अधिकार नसतो, असं त्याला पहिल्याच बैठकीत बजावलेलं होतं.

शिट्टी वाजली. दोन्ही नारळ एकदमच खांबाच्या डोक्यावर बसले. एकही फुटला नाही, पण खांबाच्या डोक्यावरची चावी वाकली.

फस्स असा आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णातरावांनी भाषणाला सुरुवात केली आणि त्याच वेळी मायाप्पांनीही केली. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तेव्हा समोरच्यांना वाटलं की दोघेही भारावून गेले आहेत. मग समोरच्यांच्याही डोळ्यांतून वाहू लागलं. "गॅस!" असं आण्णाप्पा ओरडले आणि मांडव क्षणात मोकळा झाला. एक बाजू हमरस्त्याने कोल्हापूरकडे पळाली, दुसरी संकेश्वरकडे. हुद्दारसाहेब मधोमध उभ्या असलेल्या जीपमध्ये बसले आणि काचा वर केल्या.

बायका आत होत्या. वखारीला दार एकच, आणि त्या दारातच टाकी फुसफुसत होती. कुठे पळायचं, तोंडाला काय लावायचं, श्वास घ्यायचा की धरायचा, कुणालाच काही माहीत नव्हतं. धुरकट अंधारात त्या थप्प्यांमागे दडू लागल्या. यल्लव्वा बाहेर होती. तिला पळता आलं असतं. तिने आरतीचं ताट फेकलं, पदर तोंडाशी धरला आणि दारात जाऊन उभी राहिली.

"भाईर या! भाईर या गं बायांनो! होरग बर्री! दार हितं हाय, माझ्या आवाजाकडं या! बर्री, बर्री!"

ती ओरडत राहिली. आवाजाच्या रोखाने एकेक बाई चाचपडत आली आणि तिच्या हाताखालून बाहेर पडली. मागे कुणी राहिलं नाही ना, म्हणून ती आणखी ओरडली. त्या दिवशी निपाणीत दोन्ही भाषांत कामाचं बोलणारी ती एकटीच होती, हे आम्हाला इथे सांगितलंच पाहिजे. मग तिचा आवाज बसला आणि ती उंबऱ्यावर कोसळली.

इस्पितळात डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला.

"गॅस कोणता होता? नाव सांगा लवकर. औषध त्यावर ठरणार."

आण्णाप्पा डोकं धरून बसले. "लांबलचक इंग्लिश हुतं डॉक्टर. आमी नुस्तं औषधच म्हणत हुतो."

"टाकीवर असेल की."

माणसं वखारीकडे धावली. टाकी रिकामी होऊन शांत झाली होती. त्यांनी रंग खरवडला. शामूचा रंग उत्तम होता, तो जाताना खालची अक्षरंही घेऊन गेला. कागद बंगळूरला अनुवादात होते. तिकडून कळलं की मूळ इंग्रजीवरून थेट भाषांतर करायचं की आधी मार्गदर्शन मागवायचं, यावर निर्णय व्हायचा आहे. मास्तर बदली होऊन गेले होते, आणि त्यांनी उतरवून दिलेल्या कागदाला शामूने केव्हाच कुंचले पुसले होते. मुंबईला ट्रंक कॉल लावला. तो लागला तेव्हा दलाल म्हणाला, "मला कसं आठवणार? माल तुमच्याकडे आहे, वाचून बघा ना."

डॉक्टरांनी अंदाजाने औषधं सुरू केली. तोवर कृष्णातराव मोसंबी घेऊन आले आणि त्यांनी बाहेर जमलेल्यांना सांगितलं की मराठीची ही लेक प्राणांची बाजी लावून लढली. मायाप्पा केळी घेऊन आले आणि त्यांनी तेच कानडीच्या लेकीबद्दल सांगितलं. इस्पितळाच्या दारात ढकलाढकली झाली, त्यात मोसंबी रस्त्यावर घरंगळली. मागून हुद्दारसाहेब आले. अपघाताचीही खबर द्यावी लागते, तिचा वेगळा नमुना असतो. साहेबांनी पलंगाशी खुर्ची ओढली.

"यल्लव्वा, सगळं भरलंय, एवढंच राहिलंय. तुमची मातृभाषा कोणती लिहू?"

यल्लव्वाने डोळे उघडले. तिला साहेब नीट दिसत नव्हते. तिने आवाजाविना, नुसती कुजबुज केली.

"त्यात काय हुतं वो?"

साहेबांनी थोडा विचार केला आणि त्या रकान्यात 'लागू नाही' असं लिहिलं.

यल्लव्वा वाचली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की नाव वेळेत कळलं असतं तर डोळे आणि गळा दोन्ही राखता आले असते. आता तिला ताटातली भाकरी दिसते, माणसाचा चेहरा दिसत नाही. आवाज परत आला नाही. दोन्ही भाषांत भांडणाऱ्या त्या बाईला आता एकाही भाषेत भांडता येत नाही. वखारीतला माठ कधी रिकामा असतो, मजुरीला उशीर होतो, आणि आण्णाप्पांना आता बाहेरगावी जावं लागत नाही. ते स्वतःच तिच्या घरी दळण पोचवतात आणि तिच्याकडे न बघता परततात.

चौकशी समितीचा निष्कर्ष वर दिलेलाच आहे. आण्णाप्पांनी खबर दिली नसती तर पाटी लागली नसती, पाटी लागली नसती तर वाद झाला नसता, आणि वाद झाला नसता तर नारळ आला नसता. त्यानंतर सीमाभागातल्या कुणाही आयातदाराने खबर दिलेली नाही. हुद्दारसाहेबांना बढती मिळाली. त्यांच्या जागी आलेले साहेब दर महिन्याला कळवतात की जिल्ह्यात एकही धोकादायक रसायन नाही.

ही हकीकत आम्ही पुष्कळांना सांगितली आहे. निपाणीत सांगितली, चिकोडीत सांगितली, बेळगावात आणि कोल्हापुरातही सांगितली. ऐकताना माणसं हसतात, यल्लव्वाचं ऐकून हळहळतात, आणि मग जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून विचारतात: "ते सगळं खरं हो, पण तुम्ही स्वतः कुणाच्या बाजूचे?" तुम्हीही इथपर्यंत वाचत आलात ते मनातल्या मनात तेच चाचपत आलात. आम्ही मराठीत लिहिलंय, म्हणून कृष्णातरावांना जरा सांभाळून घेतलंय का? मायाप्पांना जास्त लागलंय का? कुणाला किती ओळी दिल्या? मोजून बघा हवं तर, आम्ही फार जपून सारख्या दिल्या आहेत.

त्या टाकीत काय होतं, हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत.